हार्ड डिस्कची इमेज (सगळ्या सेक्टरची हुबेहूब प्रत) घेताना स्पीड १०० केबीवरच अडकतो, दोष कुठं शोधायचा?

दुधनाकाठ (सेलू)

नमस्कार मंडळी. एका फोटो स्टुडिओचा २.५ इंची, १ टीबीचा बाहेरचा ड्राइव्ह टेबलावर आहे. एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम), भरलेला साधारण ३८० जीबी. सगळे लग्नाचे शूट, अल्बम अजून द्यायचेत.

लक्षणं: ड्राइव्ह नीट फिरतो, खटखट नाही, मॉडेल नंबर आणि क्षमता बरोबर सांगतो. विंडोजला लावला की हिरवी पट्टी सरकत राहते, फोल्डर काही उघडेना. लिनक्सवर डीडीरेस्क्यू (बिघडलेल्या ड्राइव्हची प्रत घेणारं साधन) लावला तर पहिला मिनिटभर ३०-३५ एमबी प्रति सेकंद, मग घसरून ९५-१०० केबी, आणि तिथंच बसतो. एरर मात्र शून्य. वाचतो सगळं, पण मुंगीच्या पावलानं.

जोडणी: सोर्स पुढच्या पॅनेलच्या यूएसबी पोर्टला, टार्गेट २ टीबीचा दुसरा बाहेरचा ड्राइव्ह, शेजारच्याच पोर्टला. कंपनी मुद्दाम लिहीत नाही, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या ड्राइव्हवर हेच लक्षण दिसतं. उपाय वेगळे असतील तर तसे सांगा. चालू ठेवू का थांबवू?

बिंदुसरा (बीड)

एरर नाहीत तर थांबवायलात कशाला? चालू राहू द्या, आज ना उद्या होईल. नाहीतर एकदा चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) मारून बघा.

मांजरा_लॅब (लातूर)

थांबवा. आधी हिशोब करा. १०० केबीच्या वेगानं १ टीबी म्हणजे १ कोटी सेकंद, जवळपास ११६ दिवस. नुसते भरलेले ३८० जीबी घेतले तरी ४४ दिवस. एवढे दिवस अखंड फिरायची आजारी ड्राइव्हची ताकद नसते. आणि हेड (डेटा वाचणारं टोक) मधेच गेला तर हातात येईल फक्त सुरुवातीचा तुकडा.

चेकडिस्क तर नक्कोच. तो दुरुस्ती करतो ती फाइल सिस्टिमची, आणि करतो ती त्याच ड्राइव्हवर लिहून. एमएफटीमधल्या (एनटीएफएसच्या फाइलींच्या यादीतल्या) वाचता न आलेल्या नोंदी तो खराब धरून काढून टाकतो, अनाथ तुकडे भलत्याच नावाच्या फोल्डरात टाकतो. बॅड सेक्टर शोधायचा पर्याय लावला तर वर सगळी डिस्क वाचत बसतो. हरवलेला डेटा काढायच्या कामात चेकडिस्कला जागाच नाही.

आता मुद्द्याचं. स्पीड कमी आहे म्हणजे कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय. कोण, ते मोजून काढा. 'आयोस्टॅट' चालवा (सिसस्टॅट पॅकेजात येतो), एक्स पर्याय लावून, दर २ सेकंदांनी. सोर्सच्या ओळीत 'आर-अवेट' बघा, म्हणजे एक वाचन पुरं व्हायला किती मिलिसेकंद लागले. टार्गेटच्या ओळीत तसंच 'डब्ल्यू-अवेट'. आणि दोघांचं शेवटच्या रकान्यातलं 'युटिल', म्हणजे ड्राइव्ह किती टक्के वेळ कामात होता.

सोर्स १०० टक्के, आर-अवेट शेकड्यात आणि टार्गेट निवांत: दुखणं सोर्सचं किंवा त्याच्या यूएसबी ब्रिजचं (ड्राइव्ह यूएसबीला जोडणारी चिप). टार्गेट १०० टक्के आणि सोर्स निवांत: तुमचा २ टीबीचा ड्राइव्ह एसएमआर असणार. त्यातले ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, कॅश भरली की पट्टाच्या पट्टा परत लिहावा लागतो आणि वेग कोसळतो. दोघंही निवांत असतील तर मधला रस्ता तपासा: हब, केबल, नाहीतर टार्गेटला एनटीएफएस असेल तर त्याचा ड्रायव्हर. इमेज ठेवायला एक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) बरं.

कयाधू (हिंगोली)

मांजरा दादांशी सहमत, फक्त त्याआधी वीज बघा. पुढच्या पॅनेलची आतली वायर लांब आणि बारीक असते. २.५ इंची ड्राइव्ह फिरायला सुरुवात करताना १ अँपिअरच्या आसपास ओढतो. यूएसबी २ चा पोर्ट हक्कानं ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. ड्राइव्ह चालू असताना मल्टिमीटरवर ५ व्होल्टची लाइन ४.७५ च्या खाली जात असेल तर हेड नीट वाचूच शकत नाही, आणि आपण उगाच प्लॅटरला (डेटाच्या तबकडीला) दोष देत बसतो. मागचा पोर्ट आणि आखूड केबल वापरा, किंवा स्वतःचा ॲडॉप्टर असलेला हब.

आणखी तीन गोष्टी.

'डीमेसेज' (लिनक्स कर्नलचे संदेश) एका खिडकीत उघडं ठेवा. यूएसबी रीसेटच्या ओळी परत परत येत असतील तर ब्रिज लटकतोय. बरेच ब्रिज एका वाईट सेक्टरवर अडकतात, मग डिव्हाइस गायब होऊन नवीन नावानं येतं, एसडीसीचं एसडीई होतं. डीडीरेस्क्यू जुन्याच नावावर वाचत राहतो आणि मॅपफाइलमध्ये (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) न वाचलेला सगळा भाग 'वाचता आला नाही' म्हणून भरतो. असं झालं की थांबवून परत सुरू करा, आणि सोर्सचा पत्ता कायम 'बाय-आयडी' फोल्डरातला द्या, तो नाव बदललं तरी तोच राहतो. मॅपफाइल आधीच बिघडली असेल तर 'ट्राय-अगेन' पर्यायानं ते भाग परत 'न पाहिलेले' करता येतात.

दुसरं, लिंकचा वेग. यूएसबीची झाडासारखी यादी काढा, तिथं ४८० एम दिसलं तर ड्राइव्ह यूएसबी २ वर चाललाय. पण यूएसबी २ सुद्धा ३०-४० एमबी देतो. १०० केबीचं खापर त्याच्यावर फोडू नका.

तिसरं, ऑटोमाउंट बंद. लिनक्समध्ये डेस्कटॉपच्या सेटिंगमधून, विंडोजमध्ये डिस्कपार्टमधून. विंडोजला ड्राइव्ह दिसला की अँटिव्हायरस, इंडेक्सिंग, थंबनेल सगळे एकदम तुटून पडतात. आजारी ड्राइव्हला एका वेळी एकच वाचक हवा.

दुधनाकाठ (सेलू)

मागच्या पोर्टला, आखूड केबलवर घेतलं. ५ व्होल्टची लाइन ५.०२, हलत नाही. टार्गेट बदलून पीसीतला आतला ड्राइव्ह घेतला, एक्सटी४.

आयोस्टॅट: सोर्स युटिल १००, आर-अवेट ६४० ते ६७० च्या मधे, जवळपास स्थिर. टार्गेट १ टक्का पण नाही. डीमेसेज कोरा.

स्मार्ट (ड्राइव्हनं ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद): ५ नंबर (बदललेले सेक्टर) शून्य, १९७ नंबर (शंकेचे सेक्टर) १६, १९९ (जोडणीतल्या चुका) शून्य, तापमान ५१ अंश. पहिल्या नंबरचा आकडा भलताच मोठा दिसतो, तो काय?

गोदाताई (नांदेड)

पहिल्या नंबरचं सोडा. सीगेटच्या ड्राइव्हवर १ आणि ७ हे कच्चे आकडे कोट्यवधीत दिसतात, त्यात एकूण वाचनांची मोजणी मिसळलेली असते. दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर मात्र पहिला नंबर वाढताना दिसला तर मनावर घ्या. १९७ चे १६ म्हणजे बहुधा दोनच खरे सेक्टर: आत ४०९६ बाइटचा एक सेक्टर, बाहेर ५१२ चे आठ दाखवतो, म्हणून हा आकडा बऱ्याचदा ८ च्या पटीत येतो. १९९ ड्राइव्ह आणि ब्रिज यांच्यातल्या जोडणीच्या चुका मोजतो, यूएसबी केबलच्या नाही; केबलवर शंका नको ती डीमेसेज कोरा आहे म्हणून.

खरी गंमत तुमच्या आर-अवेटमध्ये आहे. डीडीरेस्क्यू मुळात एका वेळी ६४ केबी मागतो. ६४ केबीला ०.६५ सेकंद म्हणजे सेकंदाला ९८-१०० केबी. तुमचा वेग तंतोतंत तोच. आणि हा वेळ स्थिर आहे. पृष्ठभाग खराब असता तर एक वाचन १० मिलिसेकंदात, पुढचं ४ सेकंदांत, मग एरर, असं उड्या मारत गेलं असतं. प्रत्येक वाचनाला सारखाच उशीर लागतो तेव्हा ड्राइव्हचं फर्मवेअर (त्याचा स्वतःचा प्रोग्राम) आतल्या आत दुसरंच काही करत असतं आणि तुमच्या कमांडला मधूनमधून वेळ देतं.

खात्री करायची असेल तर: वीज काढून परत लावा आणि पाच ठिकाणी २०-२० एमबी वाचा. सुरुवात, २५० जीबी, ५००, ७५० आणि शेवटाजवळ. 'इनपुट-पोझिशन' आणि 'साइझ' हे पर्याय, प्रत्येक वेळी 'आयडायरेक्ट' लावून, म्हणजे कर्नलची कॅश मधे येत नाही. पहिला मिनिटभर सगळीकडे जलद आणि मग सगळीकडे हळू, तर फर्मवेअर. काही ठिकाणी कायम जलद, काही ठिकाणी कायम हळू, तर हेड. एकाच पट्ट्यात अडकतो, तर प्लॅटर.

दुधनाकाठ (सेलू)

ताई, पाचही जागा आधी जलद, मिनिटभरानं पाचही जागा हळू.

गोदाताई (नांदेड)

मग निदान झालं. आता कंपनीप्रमाणे फरक.

वेस्टर्न डिजिटल: ड्राइव्हला एखाद्या सेक्टरची शंका आली की तो आतल्या यादीत टाकतो, सर्व्हिस एरियातलं (प्लॅटरवरची फर्मवेअरची राखीव जागा) मॉड्यूल ३२. रिकाम्या वेळात ते सेक्टर तपासून बदलायचे, असा बेत असतो. यादी बिघडली किंवा हेड कमजोर असल्यानं काम पुरं होईना, तर तो तिथंच घुटमळतो आणि वेग केबीत येतो. उपाय असा की मॉड्यूल ०२ मधली ही पार्श्वभूमीची कामं बंद करायची आणि मॉड्यूल ३२ रिकामं करायचं. पीसी-३०००, एमआरटी, डब्ल्यूडी मार्व्हल अशा टूलनं होतं. क्रम महत्त्वाचा: आधी रॉम (बोर्डवरची चिप) आणि सगळ्या मॉड्यूलची प्रत, मगच बदल. रॅममध्ये बदल करून काम भागत असेल तर प्लॅटरवर लिहूच नका. कमजोर हेडनं सर्व्हिस एरियात लिहिताना गडबड झाली तर ड्राइव्ह ओळखच द्यायचा नाही.

सीगेट: इथं पार्श्वभूमीवरचं स्कॅनिंग आणि मीडिया कॅश (प्लॅटरवर आधी तात्पुरतं लिहायची जागा) त्रास देतात. टीटीएल ॲडॉप्टरनं ३८४०० बॉडवर टर्मिनल (ड्राइव्हला थेट कमांड द्यायची खिडकी) उघडतं, नव्या ड्राइव्हवर ते कुलूपबंद असतं आणि आधी रॉम अनलॉक करावा लागतो. इथं एक धोक्याची सूचना: ट्रान्सलेटर (कुठला सेक्टर प्लॅटरवर कुठं आहे याचा तक्ता) परत तयार करायची कमांड व्हिडिओ बघून मारू नका. एसएमआर मॉडेलवर मीडिया कॅशमधला डेटा मूळ जागी गेलेलाच नसतो. ट्रान्सलेटर नव्यानं बनवला की तो हिशोब तुटतो, आणि नंतर कुणीच काही करू शकत नाही.

एसएमआर ड्राइव्ह नुसता वीज देऊन ठेवू पण नका. रिकामा वेळ मिळाला की तो आतली आवराआवर सुरू करतो. काम नसेल तेव्हा वीज बंद.

बिंदुसरा (बीड)

टूल लाखात जातं. सारख्या मॉडेलचा दुसरा ड्राइव्ह घेऊन बोर्ड बदललं तर?

मांजरा_लॅब (लातूर)

नाही चालायचं. बोर्डवरच्या रॉममध्ये त्याच ड्राइव्हच्या हेडची जुळणी असते. दुसरं बोर्ड लावायचं तर मूळ रॉम काढून त्यावर बसवावा लागतो. आणि इथं बोर्डात दोषच नाही, दोष प्लॅटरवरच्या सर्व्हिस एरियात आहे.

बोर्ड काढलंच तर एक काम मात्र करा: मागच्या बाजूचे हेडचे संपर्क बघा. काळे पडले असतील तर मऊ पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. आपल्याकडची धूळ आणि त्यावर पावसाळ्याची दमट हवा, त्यामुळं ही वेळ येतेच. वेगाचा अर्धामुर्धा त्रास कधी कधी एवढ्यावर जातो.

आणि केस फोडून साटा (ड्राइव्ह थेट पीसीला जोडायचा सॉकेट) शोधणाऱ्यांसाठी: बऱ्याच २.५ इंची ड्राइव्हवर यूएसबी सॉकेट थेट बोर्डवरच असतं, आत साटा नसतोच. सोल्डर करून साटा बाहेर काढता येतो, पण वेस्टर्न डिजिटलच्या माय पासपोर्टसारख्या मालिकांत ब्रिज डेटा एन्क्रिप्ट करून लिहितो, पासवर्ड ठेवलेला नसला तरी. साटावरून घेतलेली इमेज मग नुसता कचरा दिसते. घाबरून जाऊ नका, डेटा गेलेला नसतो. डिक्रिप्ट करणारं टूल लागतं. मूळ बोर्ड जपून ठेवा, एवढंच.

कयाधू (हिंगोली)

टूल नसेल तर मधला मार्ग आहे, पण मर्यादित. वीज दिल्यावर पहिला मिनिटभर ३० एमबी मिळतात ना? त्या मिनिटात एमएफटी काढून घ्या. विंडोज व्हिस्टापासून पुढं फॉरमॅट केलेल्या एनटीएफएसमध्ये, क्लस्टर (जागा वाटायचा सगळ्यात लहान तुकडा) ४ केबीचा असेल तर, एमएफटी बहुतेक वेळा ७८६४३२ व्या क्लस्टरपासून सुरू होते, म्हणजे पार्टिशनच्या सुरुवातीपासून बरोबर ३ जीआयबीवर. पार्टिशन २०४८ व्या सेक्टरला सुरू होत असेल तर ते १ एमआयबी वर मिळवा. नक्की आकडा पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरमध्ये लिहिलेला असतो, तो डीएमडीई या रिकव्हरी प्रोग्राममध्ये दिसतो. आधी पहिले १० एमबी, मग तिथून पुढं ५०० एमबी. एवढ्यावर फोल्डरांची नावं आणि कुठली फाइल कुठल्या क्लस्टरवर आहे ते कळतं. मग स्टुडिओवाल्याला विचारून तेवढ्याच लग्नांचे पट्टे घ्यायचे.

एचडीडी सुपरक्लोन (डीडीरेस्क्यूसारखंच साधन) आणि त्यावरून निघालेलं ओपन सुपरक्लोन यूएसबी रिलेनं (पीसीवरून चालणारा स्विच) आपोआप वीज तोडून जोडू शकतात. पण सगळे ३८० जीबी असे काढायला जाऊ नका. प्रत्येक वेळी हेड रॅम्पवरून उतरतो आणि चढतो, आणि कमजोर हेडला तेच सोसत नाही.

मांजरा_लॅब (लातूर)

५१ अंशाचं राहिलंच. मे महिन्यात सेलू-परभणीकडं खोलीच ४० च्या वर असते, बंद केसमधला ड्राइव्ह ५५-६० ला सहज जातो. बहुतेक ड्राइव्हची कागदावरची मर्यादा ६० अंश, पण आजारी ड्राइव्ह ४५ च्या आत ठेवा. केसमधून काढा, बोर्डची बाजू वर करून १२ सेंटिमीटरचा पंखा आडवा सोडा. फ्रीजरचा सल्ला कुणी देईल तर ऐकू नका, बाहेर काढताच प्लॅटरवर दव धरतं. आणि पीसी यूपीएसवर हवा. लाइट गेली तर डीडीरेस्क्यूची मॅपफाइल टिकते, ती ठरावीक वेळानं स्वतः सेव्ह होते, पण लिहीत असलेला टार्गेट झटका खातो.

दुधनाकाठ (सेलू)

फर्मवेअरचं काम टूल असलेल्या लॅबकडं द्यायचं ठरवलं. पॅकिंग कसं करावं? एसटीच्या पार्सलनं पाठवू का?

गोदाताई (नांदेड)

शक्य असेल तर हातानं न्या, मांडीवर. पाठवायचंच तर अँटिस्टॅटिक पिशवी, चहूबाजूंनी ५ सेंटिमीटर बबल रॅप, त्यावर आत न हलणारा खोका. मूळ केबल आणि केस बरोबर द्या. चिठ्ठीवर हे मोजलेले आकडे लिहा: ६५० मिलिसेकंद, १९७ ला १६, पाचही जागांचा निकाल. लॅबवाल्याचं अर्धं काम वाचतं, आणि 'हेड बदलावे लागतील' असं उगाच कुणी सांगणार नाही.

दुधनाकाठ (सेलू)

मॉड्यूल दुरुस्त होऊन ड्राइव्ह परत आला. आता वेग ७० एमबी, पण पट्टे दिसतात. काही भाग ७० नं, मग काही भाग २ एमबीनं, परत ७०. मॅप बघितला तर एकाआड एक.

मांजरा_लॅब (लातूर)

आता खालचा रोग दिसला. एका प्लॅटरच्या ड्राइव्हला दोन हेड, डेटा आलटूनपालटून दोन्ही बाजूंना जातो. एक हेड धडधाकट, दुसरा थकलेला. यादी बिघडली तीही बहुधा याच हेडमुळं.

चांगल्या हेडचा भाग आधी पुरा घ्या. पहिल्या फेरीत 'आयडायरेक्ट', 'नो-ट्रिम', 'नो-स्क्रेप', आणि 'मिन-रीड-रेट' १० एमबी. वेग त्याखाली गेला की डीडीरेस्क्यू उडी मारून पुढं जातो. उडीची लांबी 'स्किप-साइझ'नं ठरते. डीडीरेस्क्यू-व्ह्यू या खिडकीत एक पट्टा किती एमबीचा आहे ते मोजा आणि सुरुवातीची उडी त्याच्या चौथाईएवढी ठेवा. फार लहान ठेवली तर थकलेल्या हेडवरच दहा वेळा आपटत राहील, फार मोठी ठेवली तर चांगला पट्टाही ओलांडून जाईल.

ही फेरी झाली की 'मिन-रीड-रेट' काढून उरलेलं घ्या. त्याआधी एचडीपार्म या लिनक्सच्या साधनानं ड्राइव्हचं पुढचं वाचून ठेवणं बंद करा, नाहीतर तुम्ही न मागितलेला वाईट सेक्टरही तो वाचायला जातो. ट्रिम आणि स्क्रेप (वाईट भागाच्या कडा आणि मग आतला एकेक सेक्टर वाचणं) सगळ्यात शेवटी, 'सेक्टर-साइझ' ४०९६ ठेवून. ५१२ नं स्क्रेप केलं तर एकाच खऱ्या सेक्टरवर आठ वेळा मार बसतो, आणि दर वेळी ड्राइव्ह आतून काही सेकंद झगडतो. रिट्राय शून्य, फार तर एक.

कयाधू (हिंगोली)

त्यात भर: रिकामी जागा वाचायचीच कशाला? डीडीआरयूटिलिटीमध्ये एनटीएफएसचा बिटमॅप (कुठली जागा भरली, कुठली रिकामी याचा तक्ता) वाचून भरलेल्या जागेची डोमेन फाइल बनवणारं साधन आहे. ती दिली की १ टीबीऐवजी ३८० जीबीच मागितले जातात. थकलेल्या हेडच्या वाट्याचं काम तेवढंच कमी.

बिंदुसरा (बीड)

आणि जे सेक्टर नाहीच आले, त्यातल्या फाइली कशा ओळखायच्या? फोटो तर सगळेच दिसायलेत.

गोदाताई (नांदेड)

दिसतात ते थंबनेल. इमेजची एक प्रत करा आणि त्या प्रतीवर डीडीरेस्क्यूचा 'फिल-मोड' चालवा. न वाचलेल्या प्रत्येक सेक्टरमध्ये एक ठरावीक शब्द भरला जातो. फाइली काढून झाल्यावर तो शब्द सगळ्या फाइलींत शोधा, सापडेल ती फाइल भोकाची. जेपीजीत भोक पडलं तर तिथून खालचा फोटो राखाडी होतो किंवा रंग सरकतात, वरचा भाग वाचतो. एमपी४ चं वेगळं: बऱ्याच कॅमेऱ्यांत व्हिडिओची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते, भोक नेमकं तिथं पडलं तर २० जीबीचा अख्खा विधी उघडत नाही. अशा फाइलीला 'अनट्रंक' लावून बघा. त्याला त्याच कॅमेऱ्याची, त्याच रिझोल्युशन आणि फ्रेम रेटवर घेतलेली एक चालू फाइल नमुना म्हणून लागते. स्टुडिओवाल्याकडून तेवढी क्लिप आजच मागवून ठेवा. कॅमेरा विकला किंवा सेटिंग बदलली की नमुना मिळत नाही.